मुक्कामाला जागा आहे का?



उमरीच्या स्टेशनावर रात्रीची गाडी चुकली, की परगावचा माणूस पहिलं काय विचारतो? "मुक्कामाला जागा हाय का?" आपण धर्मशाळा म्हणतो, कुणी सराई, कुणी मुसाफिरखाना. इंग्लंडात खेडोपाडी अशा जागेला 'इन' म्हणतात. खाली शेकोटी, बिअर नि गावगप्पा, वर माडीवर निजायच्या खोल्या. तिथला जुना दंडक असा, की खोली रिकामी आहे अन् वाटसरू पैसे मोजतो आहे, तर मालकाने उगीच 'नाही' म्हणायचं नाही. लंडनच्या एका हॉटेलाने १९४३ साली लिअरी कॉन्स्टंटाइन ह्या काळ्या क्रिकेटपटूला नाकारलं; पुढच्या वर्षी तो कोर्टात जिंकला.

आणि आपल्याकडे? १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर परदेशी शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. जागा कुणी देईना. तेव्हा पारशी सराईत, पारशी नाव सांगून, रोजचा दीड रुपया भरून राहिले. अकराव्या दिवशी दहा-बाराजण काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळच्या आत चालते व्हा, म्हणाले. एवढा विद्वान माणूस, पण रडू आवरेना. रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

१९५५ च्या अस्पृश्यतेच्या कायद्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना हे शब्द नावानिशी आले, ते काही उगीच नव्हे. गुरुजी, वर्गात हे जरूर सांगा.

आणि नांदेडला गेलात, तर सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला बसा. शेजारी कोण बसलंय, कुणी विचारीत नाही.