संशयाचं बोट शेजाऱ्याकडे

फेब्रुवारी २०२३ मध्ये लातूरच्या विवेकानंद चौक परिसरात जमिनीतून गूढ आवाज आले आणि लोक धास्तावले. भूकंपमापक यंत्रांवर काहीच नोंद नव्हती. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीतही असेच आवाज ऐकू येत होते. दुसऱ्या एखाद्या शहरात लोकांनी कूस बदलून झोप काढली असती. लातूरकराला ते जमत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून झोपलेल्या किल्लारी परिसरातली हजारो माणसं भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली गेली. आदल्या वर्षीही तिथं धक्के बसले होते. त्यामुळे ‘यंत्रावर नोंद नाही’ म्हटलं की ‘काहीतरी लपवतायत’ ही कुजबुज सुरू व्हायला वेळ लागत नाही.

या कुजबुजीला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मानसशास्त्राचे अभ्यासक जमुना प्रसाद यांनी, धक्का जाणवला पण पडझड झाली नाही अशा भागातल्या अफवा गोळा केल्या. गंगेचं पाणी आटलं, मोठं वादळ येणार, अमुक दिवशी प्रलय होणार! भेदरलेल्या माणसांत आणखी भेदरवणाऱ्याच गोष्टी का पसराव्यात? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी पुढे त्याचा अर्थ लावला: भीती आधीच मनात बसलेली असते, तिला साजेसं कारण समोर दिसत नाही, म्हणून मन ते तयार करतं.

कारण शोधता शोधता माणूस सापडला, की गोष्ट चिघळते. मराठवाड्याला याचं जुनं रूप ठाऊक आहे, भानामती. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, एखादी बाई कुत्र्यासारखी भुंकू लागते. मग ‘केलं कुणी?’ आणि बोट जातं ते जावेकडे, भावकीकडे, काल वाटीभर साखर देऊन गेलेल्या शेजारणीकडे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा प्रकरणांचा छडा लावला, तेव्हा करणाऱ्याचा माग बहुधा त्याच घरात लागे. बोलायची सोय नसलेल्या कुणाचा तरी कोंडमारा तिथं वाट काढत असे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणं हा गुन्हा ठरवला. आळामुळे तुटलेला शेजार मात्र कायद्याने सांधत नाही.

मोबाइलने एवढंच केलं, की बोट अनोळखी माणसाकडेही वळू लागलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ‘मुलं पळवणारे’ समजून जमावाने ठार मारलं. त्या काळात देशभर फिरलेल्या, मूल पळवण्याच्या एका चित्रफितीचं मूळ कराचीतल्या एका संस्थेच्या जनजागृतीच्या जाहिरातीत होतं.

मित्रांच्या कट्ट्यावर रक्त सांडत नाही, पण तुटतं तिथंही. ‘हे टीव्हीवर दाखवणार नाहीत’ असा मेसेज एक जण टाकतो, दुसरा हसरं तोंड चिकटवतो, तिसरा पुरावा मागतो. आठवड्याने पहिला दुसऱ्या टेबलावर चहा घेताना दिसतो. आता त्याच्या गोष्टीला एक पात्र आणखी मिळालेलं असतं: आपण! चारचौघांत खोडून काढलेली समजूत जातेच असं नाही, कधी उलट घट्टही होते. ‘तुला नेमकी भीती कशाची वाटते?’ हे एकट्यात विचारलं, तर निदान दार उघडं राहतं.

अनेकांनी मिळून मानलेली चुकीची गोष्ट म्हणजे आजार नव्हे, हेही सांगायला हवं. पण मित्र रात्र-रात्र झोपत नसेल, घरचं जेवण विषाच्या संशयाने बाजूला सारत असेल, गल्लीत उभा प्रत्येक जण आपल्यावरच पाळत ठेवतोय असं एकटाच म्हणत असेल, तर वाद घालू नका. मांत्रिकाकडेही नेऊ नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, कचरत असाल, तर आधी १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिथं मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.