चंचल मूल आणि पुस्तकाची ओळ

वर्गात एखादे मूल असे असते की, पुस्तक उघडून दोन ओळी वाचतात न वाचतात तोच ते बाकावर चुळबुळ करू लागते. वाचलेलीच ओळ पुन्हा वाचते, मधली एखादी गाळते, डोळे चोळते, क्वचित एक डोळा हाताने झाकून घेते. शिक्षक त्यास आळशी म्हणतात, आईबाप हट्टी म्हणतात. फार झाले तर डोळे तपासून आणतात. भिंतीवरील तक्त्याची शेवटची ओळ मूल घडाघड वाचून दाखविते आणि ‘दृष्टी उत्तम’ असा निर्वाळा घेऊन घरी परतते. चूक होते ती येथेच. तक्ता वीस फुटांवरच्या दृष्टीची परीक्षा घेतो. पुस्तक मात्र हातभर अंतरावर धरावे लागते.

जवळचे वाचताना डोळ्यांस तीन कामे एकदम करावी लागतात. आतील भिंगाने जवळच्या अंतराशी जुळवून घ्यावयाचे. दोन्ही डोळ्यांनी नाकाकडे वळून एकाच अक्षरावर स्थिर व्हावयाचे. आणि ओळीवरून दृष्टी सरकत नसून लहान लहान उड्या घेत असल्यामुळे, प्रत्येक उडी नेमक्या जागी पडावयाची. डोळे आत वळविण्याची शक्ती अपुरी पडली, म्हणजे अक्षरे पुसट होतात, दुहेरी दिसतात, पानावर तरंगू लागतात. देवनागरीत तर एका अनुस्वाराने ‘त्याचा’चे ‘त्यांचा’ होते!

या दोषाने डोके दुखते, ओळ हरवते, लक्ष उडते. अवधानाची उणीव आणि अतिचंचलता या अवस्थेत, म्हणजे एडीएचडीत, हीच चिन्हे दिसतात. २००५ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथील नेत्रवैद्यांना असे आढळले की, या दोषाच्या रुग्णांत एडीएचडीचे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट आहे. एक दुसऱ्याचे कारण आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि दोन्ही एकाच मुलाच्या ठायी असू शकतात, आणि एकाच्या आड दुसरे लपू शकते.

स्वमग्न मुलांची गोष्ट आणखी नाजूक. तिरळेपणा व चष्म्याचा नंबर त्यांच्यात अधिक आढळतो. परंतु काय दिसते हे त्यांपैकी पुष्कळांस सांगता येत नाही. अशा वेळी डोळ्यात प्रकाशाची तिरीप टाकून, मुलाने एकही उत्तर न देता, नंबर काढता येतो. उलट काही स्वमग्न मुले अवघड शब्दही अस्खलित वाचतात, पण अर्थ उमगत नाही. तेथे दोष डोळ्यांवर लादणे व्यर्थ होय.

उपायांविषयीही तारतम्य हवे. २००८ साली अमेरिकेत २२१ मुलांवर झालेल्या चाचणीत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बारा आठवडे केलेल्या नेत्रव्यायामाने सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना गुण आला. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ३११ मुलांच्या चाचणीत असे दिसले की, वाचलेले समजण्याची शक्ती त्या व्यायामाने लुटुपुटीच्या उपचारापेक्षा अधिक वाढली नाही. डोळ्यांचा शीण जातो. वाचन मात्र शिकवावेच लागते. रंगीत काचांच्या चष्म्याने वाचनातील अक्षमता दूर होते, यास शास्त्रीय पुरावा नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ यांच्या संस्थांनी २००९ साली संयुक्तपणे सांगितले आहे.

घरी करण्याजोगे थोडेच, पण सोपे आहे. ओळीखाली पट्टी धरावी, ठळक व मोकळ्या छपाईचे पुस्तक द्यावे, थोड्या वेळाने डोळ्यांस विसावा द्यावा. आणि नेत्रवैद्याकडे जाताना जवळची दृष्टी व दोन्ही डोळ्यांचा मेळ तपासावयास आवर्जून सांगावे. मूल आपण होऊन तक्रार करील, अशी वाट पाहू नये. अक्षरे इतरांना स्थिर दिसतात, हे त्या बापड्यास कुठे ठाऊक असते?