तांबेऱ्याचा मुहूर्त



गव्हावरचा तांबेरा आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. रोगट शेतातून चालावे, तो धोतर तांबडे होते. ती भुकटी म्हणजे एका बुरशीची बीजुके. ती वाऱ्याने उडतात, दुसऱ्या ताटावर रुजतात आणि दोनएक आठवड्यांत तशीच असंख्य बीजुके निपजतात. यात नर-मादीचा संबंध नाही. मूळ बुरशीचीच ही नक्कल.

मग या बुरशीचे लग्न लागते केव्हा? तो मुहूर्त ऋतू ठरवतात. पीक पिकू लागले की ती काळी, जाड कवचाची बीजुके धरते. त्यांच्या पोटात दोन केंद्रके एक होतात. पण ही बीजुके लगेच रुजत नाहीत. थंड मुलखातला हिवाळा, गोठणे-वितळणे, भिजणे-वाळणे सोसल्यावरच ती वसंतात जागी होतात. त्यांची संतती गव्हावर रुजत नाही. तिला बार्बेरी हे आपल्या दारुहळदीच्या कुळातले काटेरी झुडूप लागते. हे जर्मन शास्त्रज्ञ द बारी यांनी १८६५ साली दाखवले. त्या पानांवर माश्या एका वाणाचा रस दुसऱ्याकडे नेतात आणि जोडी जुळते, हे कॅनडात क्रेगी यांनी १९२७ साली सिद्ध केले.

या जुळणीतून नवे वाण निपजतात. कालपर्यंत रोगाला दाद न देणारा गहू त्यांपुढे हरू शकतो. म्हणून अमेरिकेने १९१८ पासून बार्बेरी उपटण्याची मोठी मोहीम चालवली.

मग आपणही दारुहळद तोडावी काय? आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षे शोध घेऊन उत्तर दिले : त्याने आपला रोग हटणार नाही. आपल्या मैदानात काळ्या बीजुकांना जागे करणारा तसा गारठा नाही, आणि तांबडी बीजुके उन्हाळ्यात करपतात. मात्र थंड डोंगरांत गव्हाच्या हिरव्या ताटांवर रोग तग धरून राहतो. दक्षिणेत ते आश्रयस्थान म्हणजे निलगिरी आणि पळणीचे डोंगर. तिथून तो वाऱ्यावर स्वार होऊन आपल्या शेतांत उतरतो.

तेव्हा आपला उपाय वेगळा : रोगाला न जुमानणारे वाण पेरणे, आणि एकाच वाणावर सारा मुलूख न सोपवणे. लग्नावाचूनही बुरशीत अधूनमधून बदल घडतो, हे विसरून चालणार नाही. परक्या मुलखाचा उपाय उचलण्यापूर्वी आपले ऊन-वारे विचारात घ्यावेत, एवढेच माझे सांगणे आहे.