दुर्गम मूलनिवासी वस्त्यांचे पिण्याचे पाणी

पिण्याच्या पाण्याबाबत दोन गोष्टी तपासाव्या लागतात: शुद्धीकरणाचे साधन प्रयोगशाळेत काम करते का, आणि वापरणाऱ्याच्या घरी ते वर्षानुवर्षे तसेच चालते का. पहिल्या तपासणीचे एक जगप्रसिद्ध केंद्र मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे आहे. मिशिगन विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयात १९४४ साली नॅशनल सॅनिटेशन फाउंडेशन सुरू झाले. आज ही संस्था एनएसएफ या नावाने ओळखली जाते. पाइप, नळ आणि टाक्या यांतून पाण्यात काय उतरते हे तपासणारे मानक ६१ या संस्थेने १९८८ साली आणले. घातक द्रव्ये काढणाऱ्या घरगुती फिल्टरसाठी मानक ५३ आहे, तर आरओ यंत्रांसाठी ५८.

रासायनिक द्रव्यांच्या चाचणीत ठरावीक प्रमाणात दूषित केलेले पाणी फिल्टरमधून सोडतात. फिल्टर बदलण्याची वेळ झाल्याचे साधन स्वतःच दाखवत असेल, तर त्याच्या जाहीर क्षमतेच्या १२० टक्के पाणी गाळून पाहतात. दाखवत नसेल, तर २०० टक्के. माणूस फिल्टर उशिरा बदलणार, हे यात गृहीत धरलेले असते. पण तो कधी ना कधी बदलला जाणार, हेही गृहीतच असते. दुर्गम वस्तीत नेमके तेच घडत नाही.

दूषणाचा प्रकार ओळखणे ही पुढची पायरी. उकळल्याने जंतू मरतात. आर्सेनिक, युरेनियम आणि नायट्रेट मात्र जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. अमेरिकेत आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आणि युरेनियमची ३० मायक्रोग्रॅम आहे.

ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या राज्यांत पसरलेल्या नावाहो जमातीच्या प्रदेशात आर्सेनिक आणि युरेनियम ही दोन्ही द्रव्ये आढळतात. ती काही अंशी खडकांतूनच येतात, काही अंशी खाणींमुळे. १९४४ ते १९८६ या काळात तेथून सुमारे ३ कोटी टन युरेनियम खनिज काढले गेले. ५०० हून अधिक खाणी तशाच सोडून दिल्या गेल्या. सुमारे ३० टक्के घरांत नळ नाही. लोक पिकअप गाडीतून पिंपे भरून पाणी आणतात, कधी जनावरांसाठी खोदलेल्या विहिरींवरूनही. अशा विहिरींना सार्वजनिक नळयोजनांचे नियम लागू नसतात. शुद्ध पाणी आणले तरी साठवणीत त्यातील क्लोरीन उतरत जाते आणि अस्वच्छ पिंपातून जंतू पुन्हा शिरतात. म्हणून केवळ उगमाचे पाणी तपासून भागत नाही, घरातले साठवलेले पाणीही तपासावे लागते.

शुद्धीकरणाची यंत्रणा असूनही पिण्यायोग्य पाणी नसल्याचे उदाहरण कॅनडात आहे. ओंटारिओ प्रांताच्या उत्तरेला, बारमाही रस्ता नसलेल्या नेस्कांटागा वस्तीत १९९५ साली पाणी उकळून पिण्याचा आदेश निघाला आणि पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ तो कायम राहिला. २०२० मध्ये तर पाण्याच्या टाकीत तेलकट तवंग दिसल्यावर रहिवाशांना थंडर बे शहरात हलवावे लागले.

अमेरिकेत १९५९ च्या कायद्याने मूलनिवासी वस्त्यांत पाणी व स्वच्छतेच्या सोयी उभारण्याचे काम संघीय आरोग्य सेवेकडे आले. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने त्यासाठी साडेतीन अब्ज डॉलर दिले. उभारणीनंतर योजना चालवण्याचा भार मात्र बहुतांशी जमातींवरच पडतो. नावाहोंशी झालेल्या १८६८ च्या तहानुसार त्यांना पाणी मिळवून देण्यासाठी पावले उचलण्याचे बंधन सरकारवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी दिला.

महाराष्ट्रात याच्याशी ताडून पाहण्याजोगा भाग म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसर. कोलाम व गोंड वस्त्यांच्या या भागात भूजलात फ्लोराइड सापडते. भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर दीड. जास्त फ्लोराइडने दातांवर डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे जखडतात. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून ते कमी करते. पद्धत स्वस्त आहे, पण मात्रा मोजून रोज घालणारा माणूस लागतो आणि तळाशी बसलेल्या गाळाची विल्हेवाटही लावावी लागते. २०१९ पासूनच्या जल जीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर पाणी हे आहे. अशा वस्त्यांत ते पुरे होणेही मात्रा घालणाऱ्या याच माणसावर अवलंबून आहे.

मानके तयार आहेत, यंत्रेही आहेत. प्रत्येक योजनेच्या अंदाजपत्रकात वस्तीतील प्रशिक्षित चालकाचा पगार, सुट्या भागांचा साठा आणि नियमित तपासणीचा खर्च पहिल्या दिवसापासून धरला, तरच ते पाणी पिण्यायोग्य राहील.