मिठीच्या कांठीं
(रौप्यमहोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें मंदिराच्या भिंतींविषयीं, घंटेविषयीं व दात्यांविषयीं बोलावें अशी रीत आहे. तें काम माझ्या आधींच्या वक्त्यांनीं उत्तम केलें आहे. मी आज आपल्या धर्मग्रामाच्या मागील अंगानें वाहणाऱ्या मिठी नदीविषयीं, आणि तिच्या चिखलांत उतरणाऱ्या आपल्याच मुलांविषयीं बोलणार आहें.

विहार व पवई या तलावांचें ओसंडलेलें पाणी घेऊन ही नदी सुमारें १८ किलोमीटर चालते व माहीमच्या खाडींत समुद्रास मिळते. ज्या विहारनें १८६० पासून मुंबईची तहान भागविली, त्याच्याच ओसंडीवर पोसलेल्या नदीचें आपण गटार केलें. बुधवारच्या नोव्हेनेस माहीमला जातांना गाडी कॉजवेवर आली कीं आपण नाकास रुमाल लावतों व जपमाळेचें पुढचें दशक घाईनें सुरू करतों. मीही तेंच करीत असें. २६ जुलै २००५ रोजीं चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. समुद्रास भरती होती, पात्र अरुंद झालेलें होतें, आणि पाणी घरांत शिरलें. त्या रात्रीची आठवण येथील वडीलधाऱ्यांस मीं करून देण्याची गरज नाहीं.

२०१५ च्या ऑक्टोबरांत अफरोज शाह नांवाच्या एका वकिलानें एका वृद्ध शेजाऱ्यास सोबत घेऊन वर्सोव्याचा किनारा साफ करण्यास आरंभ केला. हळूहळू माणसें जमत गेलीं. २०१८ च्या मार्चमध्यें त्या वाळूंतून ऑलिव्ह रिडले कासवांचीं पिलें अनेक वर्षांनीं समुद्राकडे गेलीं. पुढें त्यांच्या स्वयंसेवकांनीं मिठीही हातीं घेतली. तें पाहून आपल्या मुलांनीं आपल्या बाजूचा कांठ धरला. आणि तोही रविवारीं सकाळीं, नेमका मिस्साच्या वेळीं!

मी रागावलों, हें आपणांस ठाऊकच आहे. वेदीवरून चार कठोर शब्दही बोललों. तेव्हां एक मुलगी मला म्हणाली, "फादर, ओहोटी आमच्या सोयीनें येत नाहीं. एकदां येऊन तर पाहा."

गेलों. हलकें वाटणारें प्लॅस्टिक गाळानें भरलें कीं चार जणांस ओढवत नाहीं. तिवरांचीं श्वासमुळें चिखलांतून बोटांसारखीं वर आलेलीं असतात. त्यांभोंवतीं चिंध्या गुंडाळल्या गेल्या तर झाड गुदमरतें, आणि जोरानें ओढलें तर मुळेंच तुटतात. म्हणून मुलें गुडघाभर चिखलांत बसून त्या चाकूनें एकेक कापीत होतीं. तेवढ्यांत एकानें एक फलक वर काढला. आपल्याच मागील सणाचा. आपल्या धर्मग्रामाचें नांव त्यावर वाचतां येत होतें. सणाचा कचरा कोण नेतो, कोठें टाकतो, हें मीं इतक्या वर्षांत एकदांही विचारलें नव्हतें. मुलें कांहीं बोललीं नाहींत. तो फलक त्यांनीं निमूटपणें पोत्यांत घातला.

कोणी म्हणतात, हा खटाटोप व्यर्थ आहे. भरती पुन्हां कचरा आणते. आणते खरी. नाल्यांतून येणारें मैलापाणीही हातमोज्यांनीं थांबत नाहीं. तें काम महानगरपालिकेचें, आणि तें मागण्याचा आपणांस हक्क आहे. कांठच्या झोपड्यांस दोष देणें मात्र थांबवा. जेथें कचरागाडी पोंचत नाहीं तेथील माणसांनीं काय करावें? आपल्या इमारतींच्या दारीं ती गाडी रोज येते, तरी निर्माल्य व थाळ्या पुलावरून कोण टाकतो, हें मी आतां पाहिलें आहे. नांवें घेत नाहीं.

मिस्सा चुकवावा असें मी म्हणणार नाहीं. तें मला म्हणतांही येत नाहीं. परंतु शनिवारच्या सायंकाळच्या मिस्सानें रविवारचें कर्तव्य पुरें होतें, अशी ख्रिस्तसभेची मोकळीक आहे. ती मला आधींच आठवावयास हवी होती. येत्या शनिवारपासून सायंकाळीं साडेसहा वाजतां येथें मिस्सा होईल. हातमोजे साक्रिस्तीच्या डाव्या कपाटांत ठेविले आहेत. बूट ज्यानें त्यानें आणावेत.