प्रश्न पुन्हा वाचा



संयोजकांनी बजावलंय, नोकरीबद्दल नको, छंदाबद्दल बोला. माझा छंद म्हणजे बाबांची जुनी मारुती एस्टीम. तेव्हा आज तिच्या कॅमशाफ्टबद्दल, म्हणजेच माझ्या एका फसलेल्या पेपरबद्दल बोलते.

कॅमशाफ्ट हा इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक. व्हॉल्व्ह किती उचलायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे त्याच्यावरचे उंचवटे ठरवतात. आमचं 1298 सीसीचं इंजिन जवळजवळ कंपनीतून आलं तसंच होतं. मी मात्र यादीतला सगळ्यात जास्त ड्युरेशनचा कॅम मागवला. जास्त म्हणजे चांगला, एवढंच गणित!

खंबाटकी घाटात गाडी धापा टाकायला लागली. असा कॅम पिस्टन वर निघाल्यावरही इनटेक व्हॉल्व्ह बराच वेळ उघडा ठेवतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत धावणारी हवा स्वतःच्या वेगानं सिलिंडर भरते. सावकाश फिरत असेल तर पिस्टन आलेली हवा परत बाहेर ढकलतो. सिग्नलला गाडी थरथरायची. व्हॅक्यूम कमी झाल्यानं ब्रेकचं पेडल कडक लागायचं. त्याच व्हॅक्यूमवरून पेट्रोलचा हिशेब करणारा गाडीतला कॉम्प्युटरही गोंधळला. निदान त्या सॉफ्टवेअरची चूक नव्हती, हे मी खात्रीनं सांगू शकते!

शेजारी बसलेले बाबा एवढंच म्हणाले, "ही आपली गाडी वाटत नाही गं."

ते फार लागलं. त्यांनी ती गाडी वीस वर्षं जपली होती.

मिस्त्रींनी विचारलं, "ताई, काटा बहुतेक कुठे असतो?"

"दीड ते साडेतीन हजार."

"आणि हा कॅम जागा होतो पाच हजारांच्या पुढे. तिथे तुमच्या जुन्या स्प्रिंगा व्हॉल्व्ह वेळेवर बंद करतील का?"

म्हणजे खालची ताकद गेली आणि वरची वापरताही येणार नव्हती.

दुसऱ्यांदा नीट अभ्यास केला. ड्युरेशनचे आकडे एकाच मापानं घेतलेले असतील तरच तुलना करायची. व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजलं तर 268 अंश भरणारा कॅम 1.27 मिमी उचलीपासून मोजला तर 218 भरू शकतो. मग ड्युरेशन मूळच्यापेक्षा थोडंसंच जास्त आणि उचलही बेताची, असा कॅम निवडला. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत नाही ना, स्प्रिंग पूर्ण दाबली जात नाही ना, हे बसवण्याआधी तपासून घेतलं.

पुन्हा साताऱ्याला निघालो. घाट अर्धा चढला तोवर बाबांना झोप लागली होती. याहून मोठं प्रशस्तिपत्रक मला आजवर मिळालेलं नाही.

बाई, परीक्षेत तुम्ही म्हणायचात, "उत्तर लिहिण्याआधी प्रश्न पुन्हा वाचा." मी 'सर्वांत मोठा कॅम कोणता?' हा प्रश्न सोडवत बसले होते. पेपरात आलेला प्रश्न होता, 'ही गाडी कोण, कुठे चालवणार?'