किराण्याची यादी हाच पहिला रिपोर्ट

(पनवेल येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



भावांनो, आत या, बसा. स्वयंपाकाचा विषय म्हणजे बायकांचा विषय असं समजून तुम्ही चपला शोधत असाल तर थांबा. किराणा बहुतेक घरांत तुम्हीच आणता. तेलाचा डबा तुमच्याच हातून घरात येतो.

मी तीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. आता निवृत्त आहे. आहाराच्या गप्पा मारायला मला बोलावलं आहे, पण सुरुवात मी आमच्या अम्मीपासून करते.

अम्मी अकरा माणसांचं करायची. सकाळी तांदळाच्या भाकऱ्या, दुपारी भात आणि मासळीचं सालन, रात्री पुन्हा भाकऱ्या. डोकं जड झालं की कपाळाला ओढणी घट्ट बांधायची, वर बाम चोळायची आणि पुन्हा चुलीपुढे. अब्बांना एकदा चक्कर आली होती, म्हणून त्यांचं बीपी दर महिन्याला तपासलं जायचं. त्यांच्यासोबत कोण जायचं? अम्मी. यंत्र टेबलावर, अम्मी दोन हातांवर बसलेली. पण तिच्या दंडाला तो पट्टा कधी कुणी गुंडाळला नाही. मीही नाही. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते, दिवसाला वीस-पंचवीस परक्या माणसांचं बीपी मोजत होते.

बावन्नाव्या वर्षी एका पहाटे अम्मी चुलीपुढून उठलीच नाही. उजवी बाजू गेली होती. दवाखान्यात नेल्यावर पहिल्यांदा तिचं बीपी मोजलं, तर वरचा आकडा दोनशेच्या पुढे. त्यानंतर ती नऊ वर्षं अंथरुणावर होती. बोलायला जायची आणि शब्द सापडायचा नाही, मग रडायची. अकरा माणसांना जेवू घालणाऱ्या बाईला आम्ही चमच्याने भरवलं.

म्हणून आज मी रेसिपी सांगायला आलेले नाही. कोणत्या घरात कोणाचा आकडा कोणाला माहीत नाही, ते विचारायला आले आहे.

रक्तदाब दुखत नाही. साखर वाढते तेव्हाही दुखत नाही. मोजल्याशिवाय कळायचा मार्ग नाही. आयसीएमआरने देशभर केलेली मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात भारतातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. आणखी १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. आता या खोलीत आपण साधारण साठ जण आहोत. हिशेब तुम्हीच करा, आणि मग शेजारणीकडे बघा.

पनवेलला औषधांची कमी नाही. धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२ सालापासून या गावाचा. आता तर स्टेशनपासून खारघरपर्यंत गल्लोगल्ली मेडिकल दुकानं आहेत. पण औषधाची पाळीच उशिरा यावी, हे काम दुकानात होत नाही. ते घरात व्हायचं.

एक सोपी गोष्ट सांगते. घरी गेलात की गेल्या महिन्याची किराण्याची यादी काढा. तोच तुमच्या घराचा पहिला रिपोर्ट. त्याला लॅब लागत नाही, उपाशीपोटी जावं लागत नाही.

आधी तेल बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींच्या आसपास राहायचं तर माणशी दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम तेल-तूप पुरे. पाच माणसांचं घर धरलं तर महिन्याला चार ते जेमतेम पाच लिटर. म्हणजे पाच लिटरचा एक डबा महिना उलटून गेला तरी तळाला शिल्लक राहिला पाहिजे. आणि यात बाहेरचे वडे, शेजाऱ्यांकडून आलेली बिर्याणी, बेकरीची खारी हे सगळं आलं. तुमच्याकडे महिन्याला दोन डबे लागत असतील तर डॉक्टर काय सांगणार ते मी आत्ताच सांगू शकते.

तळून उरलेलं तेल बरणीत गाळून ठेवायचं, पुढच्या वेळी त्यात नवं ओतायचं, हे आपण सगळ्यांनी केलं आहे. मीही केलं आहे. तेल महाग आहे, फेकवत नाही. पण पुन्हा पुन्हा उकळलेल्या तेलात शरीराला घातक पदार्थ तयार होतात. तळायचंच तर लहान कढईत थोडं तेल घ्या आणि उरलेलं एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. कढई मोठी असली की तेल जास्त लागतं आणि मग ते उरतं. कंजुषी करायचीच असेल तर कढईत करा.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. पाच माणसांना महिन्याला पाऊण किलो. मुलांना त्याहून कमी. पण आपण कोकणातली माणसं. पावसाळ्यात खारवलेली मासळी, सोबत लोणचं, पापड, आणि भातावर वरून चिमूटभर मीठ. सुकी मासळी सोडा असं मी म्हणणार नाही, माझ्याच्यानेही होणार नाही. खारवलेली असेल तर पाण्यात भिजवा, दोनदा पाणी बदला आणि त्या दिवशी सालनात वेगळं मीठ घालू नका. कोकम, चिंच, लिंबू यांच्या आंबटपणाने मीठ कमी असलेलं जिभेला कळत नाही. ही आपल्या आज्यांची युक्ती आहे. ताटात वाढून घेतलेलं मीठ मात्र उद्यापासून बंद.

साखरेबद्दल थोडक्यात सांगते. चहाच्या चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर मावते. दिवसाचे चार चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे चहातूनच तीस-चाळीस ग्रॅम पोटात गेली. पंचवीसच्या आत असेल तर उत्तम असं म्हणतात. एकदम अर्धी करू नका, सासरे रागावतील. दर आठवड्याला थोडी थोडी कमी करा, कुणाला कळणारही नाही. मी आमच्या घरात तीन महिन्यांत केलं आणि कुणाला सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा सांगते आहे.

आरोग्यदायी स्वयंपाक म्हणजे ओट्स आणि ऑलिव्ह ऑइल, हे आपल्या डोक्यात मोबाइलने भरलं आहे. रायगड जिल्ह्यात राहून आपण हे ऐकायचं? थंडीत वालाच्या शेंगा येतात तेव्हा पोपटी लावतात ना? मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, कांदे-बटाटे, कोंबडी, ओवा, मीठ, आणि बाहेरून जाळ. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. अख्खं गाव बोटं चाटतं. मजेचं जेवण तेलाशिवाय होतं, याचा दाखला आपल्याच शेतात आहे. पावसाळ्यात आदिवासी बायका टोपलीत टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी घेऊन बाजारात बसतात. आपण त्यांच्यासमोरून जातो आणि फ्लॉवर घेतो. भाव तरी विचारा. भाजी कशी करायची तेही त्याच सांगतात.

आणि भाकरी सोडू नका. फक्त चारच्या जागी दोन, आणि उरलेल्या जागेत वालाची उसळ, भाजी, मासळी. ताटाचा अर्धा भाग भाताचा असतो तो पाव करायचा, इतकंच.

गोवा महामार्गाने कर्नाळा ओलांडलं की तारा गाव लागतं. तिथलं युसूफ मेहेरअली सेंटर तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. १९४२ साली मुंबईचे महापौर असलेल्या, ‘भारत छोडो’ ही घोषणा देणाऱ्या मेहेरअलींच्या नावाने १९६१ साली ही संस्था उभी राहिली. ती उभारणारे डॉ. जी. जी. पारीख स्वातंत्र्यसैनिक होते आणि पेशाने डॉक्टर. वयाची शंभर वर्षं पूर्ण करून २०२५ साली ते गेले. त्या सेंटरच्या कामात दवाखानाही आहे आणि तेलाची घाणीही. मला ही जोडी फार आवडते. एक सूचना मात्र करते. घाणीचं तेल चांगलं, पण तेही तेलच. घाणीचं आहे म्हणून दुप्पट ओतलं तर हिशेब तोच.

आता ज्यासाठी आले तो भाग. आपल्या घरांत शेवटी कोण जेवतं? मी हात वर करायला सांगत नाही. पुरुष जेवले, मुलं जेवली, पाहुणे जेवले, मग पातेल्यात उरलेला रस्सा आणि भात. मासळीचा तुकडा, कलेजी, अंडं संपलेलं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या, ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळलं. थकवा येतो, जिना चढताना धाप लागते, केस गळतात, आणि आपण म्हणतो, वय झालं. पस्तिसाव्या वर्षी कसलं वय? हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर तो आजार आहे, त्याला उपचार आहे. जेवणावर लगेच चहा पिऊ नका, चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. एक तास थांबा. भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त अंगी लागतं. आणि वाढताना आपला तुकडा आधी काढून झाकून ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चुलीमागे मिश्रीची डबी कोणाकडे आहे तेही विचारत नाही. मिश्री म्हणजे तंबाखूच, दात घासायला म्हटलं तरी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन-तीन आठवडे भरली नाही, तर त्याच आठवड्यात दाखवा.

रमजानबद्दल विचारायला मघाशी दोघी-तिघी आल्या होत्या. इफ्तारला भजी, समोसे, सरबत, फालुदा, आणि तासाभरात पोट फुगलेलं. खजूर, पाणी, फळं, मग नमाजनंतर नेहमीचं जेवण, हे जुनं वळण चांगलं होतं. पण खरा प्रश्न मधुमेह असलेल्यांचा आहे. इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटा. गोळीची वेळ आणि मात्रा बदलावी लागते, ती आपल्या मनाने बदलायची नाही. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक आलिम सांगतात. साखर सत्तरच्या खाली गेली किंवा तीनशेच्या वर गेली तर रोजा सोडायचा. घाम सुटला, हात थरथरले आणि यंत्र जवळ नाही, तरी सोडायचा. आजारी माणसाला कुराणातच सूट आहे. आपणच आपल्या सासूला ‘आणखी दोनच तास राहिले’ म्हणून बसवून ठेवतो. मी वॉर्डात अशा बायका बेशुद्ध आलेल्या पाहिल्या आहेत.

चालायचं म्हणाल तर आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. वडाळे तलावाभोवती फेरी होते. ‘लोक काय म्हणतील’ असं वाटत असेल तर दोघी जा, चौघी जा. चौघींना कुणी काही म्हणत नाही.

तपासणीला पैसे नाहीत ही सबब आता चालत नाही. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी योजनेत आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आपल्याकडे उपजिल्हा रुग्णालय आहे, महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, दारावर आशाताई येते. तिला चहा पाजून परत पाठवू नका, तिच्याकडून कार्ड भरून घ्या. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे दोन-तीनदा आला तर औषध सुरू करा, आणि बरं वाटलं म्हणून बंद करू नका. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर ती वेळ सोन्यासारखी आहे. तेव्हाच ताट बदलायचं, चालायला लागायचं.

माझं बोलणं झालं. मागच्या टेबलावर बीपीची दोन यंत्रं ठेवली आहेत आणि साखर तपासायच्या पट्ट्याही आहेत. सोबत माझ्या दोन जुन्या सहकारी आल्या आहेत. रांग लावा. भावांनो, तुम्ही थोडं थांबा. ज्यांनी आज सकाळी घरातल्यांना जेवू घालून मग इथे यायची घाई केली, त्या आधी येतील. आणि ज्यांची अम्मी किंवा सासू आज घरीच राहिली आहे, त्यांनी फोन करून बोलावून घ्या. आम्ही सहा वाजेपर्यंत इथेच आहोत.